आपल्यातलीच

“आपल्यातलीच आहे हो पोरगी. काटोलाकडची. गोळाभात मागते बिचारी.”

आई हे बैठकीत कुणाला तरी सांगत होती. मी मटारच्या कचोऱ्यांची परात दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या क्वार्टरच्या त्या एवढ्याशा खोलीत पंधरा-वीस बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि सतरंजीवर बोरं, उसाचे करवे, तिळाच्या लाडवांचे कागद पडले होते. “कोणाची वो?” कुणीतरी विचारलं. “ते नाही सांगत हे,” आई म्हणाली, “बेबीच्या तिथं नियम आहे म्हणते. दीक्षितपुऱ्यात घर आहे ना त्या लोकांचं, पोरींचं, तिथं आणून ठेवली. बाप नाही पोरीले. मामाच्या घरून निघून आली. सगळं डाव्या हातानं करते म्हणे, अन् जेवतच नव्हती. मी म्हटलं, आपलं पोर उपाशी काहून राहील? मी करून देते.” बेबी म्हणजे मी. बायकांनी हं, हं केलं. एकीने विषय उसाच्या गोडीवर नेला.

मी तेव्हा आत जाऊन “आई, जरा इकडे ये” एवढं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. परात खाली ठेवली आणि करंडा उचलला, कारण प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं. त्यात बोलावं लागत नसे, म्हणून ते मला आवडायचं. खिडकीपाशी मोहरीच्या रंगाची साडी नेसलेली एक बाई बसली होती. त्या राजूच्या आई, पलीकडच्या बंगल्यांतल्या; त्यांच्या घरात कोण राहतं ते आम्हा क्वार्टरवाल्यांना माहीत नसे. आमच्या इस्टेटीत बायकांना आडनावानं कुणी ओळखत नसे. कुणी राजूची आई, कुणी बबलूची आई, कुणी ‘त्या पाण्याच्या टाकीजवळच्या’. राजूच्या आईंना मी कुंकू लावलं, त्यांनी माझ्याकडे न बघता मान पुढे केली. वाणाची गाळणी पिशवीत टाकली आणि अर्धी कचोरी बशीत तशीच ठेवून त्या उठल्या. “बसा ना, घाई काय आहे?” आई म्हणाली. “ह्यांची शिफ्ट सुटते,” त्या म्हणाल्या. भोंगा व्हायला अजून तासभर होता. हे माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या लक्षात सगळंच यायचं. त्याचा कुणाला उपयोग व्हायचा नाही.

आमचं घर म्हणजे दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या इस्टेटीतल्या दोन खोल्या आणि मागे एक लांबट अंगण. बाबा फॅक्टरीत चार्जमन होते. दिवस भोंग्याने सुरू व्हायचा आणि भोंग्याने संपायचा. अधूनमधून दुपारी दूर रेंजवर चाचणीचे बार उडायचे तेव्हा फडताळातल्या काचेच्या बरण्या किणकिणायच्या. पाहुणे दचकत, आम्ही डाळ ढवळत राहायचो. आई लग्न होऊन वर्ध्याकडून जबलपूरला आली होती आणि तिथली भाषा तिने घडी न मोडता जपून ठेवली होती. बाबा तिच्याशी मराठी बोलत, पण रागावले की हिंदीत जात. मी नन्सच्या शाळेत शिकले. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि घरी आई मराठीत बोलायची तेव्हा मी मान हलवायची. मला मराठी सगळं कळायचं. बोलायला तोंड उघडलं की लिंग चुकायचं, शेजारच्या मुली हसायच्या, म्हणून बोलणंच सोडून दिलं होतं. आज हे मी मराठीत लिहिते आहे ते पुढे पुष्कळ वर्षं धडपडून शिकलेलं मराठी आहे. ते का शिकले, ते या प्रकरणात येईलच.

दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात मला नोकरी लागली ती माझ्या इंग्रजीमुळे. बी.ए. झाले होते, बाबा स्थळं बघत होते, आणि मला कुणासमोर चहाचा ट्रे घेऊन जायचं नव्हतं. संस्थेला बोर्डासाठी, म्हणजे मुलीला घरी पाठवायचं की नाही ते ठरवणाऱ्या मंडळासाठी, मुलींचे अहवाल इंग्रजीत लिहून देणारी व्यक्ती हवी होती. घर सराफ्याच्या गल्ल्या ओलांडून आत होतं. सोनारांच्या बारीक हातोड्यांचा आवाज मागे पडला की डावीकडे एक निळा दरवाजा, त्यावर पाटी नाही. आत दगडी अंगण, पाण्याचं टाकं, वर दोन मोठ्या खोल्या. स्टेशनवर, बसस्टँडवर, देवळाच्या पायऱ्यांवर सापडलेल्या मुली तिथे यायच्या. पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या. कुणी घरून पळालेली, कुणाला घरच्यांनीच सोडलेलं. ते घर निर्मलादीदी चालवायच्या. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवत. सगळे त्यांना बड़ी दीदी म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. “पूछना नहीं, बैठना.” आणि दारापाशी नेऊन, उंबऱ्याकडे बोट दाखवून, “यहाँ की बात यहीं.”

आता या कामाला मोठमोठे शब्द आले आहेत. गेली काही वर्षं मला प्रशिक्षणाला बोलावतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, आघात, विश्वास, सुरक्षित नातं, प्रत्येकाखाली बाण काढलेले असतात. शेवटी नाश्ता असतो. मी मागच्या रांगेत बसते. त्यात चूक काही नसतं. फक्त तो विश्वास मोडणाऱ्याचं नेमकं काय होतं, ते कुठल्याच चित्रात नसतं, आणि मीही हात वर करत नाही.

कुंदाला रेल्वे पोलिसांनी आणलं. नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये ती दाराशी बसली होती, जवळ पिशवीसुद्धा नव्हती. सोळा पूर्ण. कुणी हिंदीत काही विचारलं की ती टाक्यातल्या पाण्याकडे बघायची. पहिले चार दिवस चहा आणि एक टोस्ट, बस. स्वयंपाकीणबाई चिडायच्या, “महारानी को क्या चाहिए, पूछ लो.” पोलिसांच्या कागदावर तिने नाव सांगितलं होतं तेवढंच. आडनाव नाही, पत्ता नाही, गाव विचारलं तर मान खाली. बड़ी दीदी म्हणाल्या, “मराठी है शायद. वंदना, तुम बैठो इसके पास.” मराठी बोलायचं, तेही अनोळखी मुलीशी. म्हणून मी नुसती बसले.

ते दिवस मटाराचे होते. जबलपूरला हिवाळ्यात मटाराशिवाय दुसरं काही नसतं. मंडईतला एक भाजीवाला दर आठवड्याला दोन पोती आमच्या दारात टाकून जायचा आणि सगळ्या मुली उन्हात गोल करून सोलायला बसायच्या. मी कुंदाशेजारी बसायची. शेंग डाव्या हाताच्या अंगठ्यानं मधोमध फोडायची तिची पद्धत होती, एका झटक्यात सगळे दाणे परातीत. माझे निम्मे दाणे अंगणात जायचे. आठ दिवस आम्ही अशा बसलो. नवव्या दिवशी तिने माझ्या हातातली शेंग घेतली, उलटी केली आणि म्हणाली, “शिवणीच्या बाजूनं नाही. इकडून दाबा, ताई.”

तिथे सगळ्या मला दीदी म्हणत. ताई मला त्याआधी कुणीच म्हटलं नव्हतं. मला भाऊबहीण नाही.

मी म्हणाले, “असा?” ती म्हणाली, “असा नाही, असं.” आणि हसली नाही. त्यानंतर रोज थोडं थोडं. तिचं मराठी आईसारखं होतं. काहून, मले, तुमी. माझ्या मोडक्या बोलण्याला ती दुरुस्त करायची, त्यात तिचं दुसरं बोलणं सुटत जायचं. काटोलाकडचं गाव, बाप विहिरीत पडून गेला, आई तिला घेऊन भावाकडे जबलपूरला आली. मामा फॅक्टरीत आहेत. कुठल्या फॅक्टरीत ते तिने सांगितलं नाही आणि शहरात फॅक्टऱ्या पुष्कळ. मामांचं नावही नाही. आई मामांच्या घरची धुणीभांडी करते आणि काही कानावर आलं तरी ऐकत नाही. मग एका दुपारी परात रिकामी झाल्यावर, टरफलं गोळा करता करता, मामांबद्दल तिने जे सांगायचं ते सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हा अहवालात लिहिलं, तिला विचारून लिहिलं, तेवढं एकदा पुरे झालं. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “हे कोठं जाईल?” मी म्हणाले, “बोर्डासमोर. बाकी कुठेच नाही.” ती म्हणाली, “मग उद्या जेवीन. पण ते रोटी नाही. गोळाभात भेटते काय इथं?”

त्या संध्याकाळी टेंपोत बसून घरी येताना मला कसं वाटत होतं ते अजून आठवतं. वाईट वाटायला हवं होतं, वाटतही होतं. पण त्याखाली दुसरंच काहीतरी उड्या मारत होतं. बावीस वर्षांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. आई तीळ भाजत होती. मी चपला काढल्या आणि न विचारता तिच्याजवळ पाटावर बसले, आणि बोलत सुटले. मराठीत. लिंग चुकवत. एक मुलगी आहे आई, तुझ्यासारखं बोलते, मला ताई म्हणते, डावखुरी आहे, काटोलाकडची, बाप नाही, मामाकडे होती, तिला गोळाभात पाहिजे. मामांनी काय केलं ते सांगितलं नाही. नाव सांगितलं नाही. त्यामुळे नियम पाळला असं मला वाटलं. आईने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिची मुकी पोरगी तिच्या भाषेत बोलत होती. “करून देते ना,” ती म्हणाली, “किती लोकाइचा करू?” तिचे डोळे भरून आले होते. तीळ थोडे करपले.

आईने बेसनाचे गोळे घालून भात केला, वर कडकडीत फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत दिलं. कुंदाने डबा उघडून वास घेतला. “तुमच्या आईले सांगितलं?” “नुसतं गोळाभाताचं,” मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि पूर्ण डबा संपवला. त्यानंतर दोनदा आईने पाठवला. कुंदाच्या गालावर थोडं रक्त आलं. बोर्डाची तारीख लागली होती, सगळं नीट चाललं होतं, आणि मध्ये संक्रांत आली.

हळदीकुंकवानंतर तिसऱ्या दिवशी निळ्या दरवाज्याची कडी वाजली. मी वरून वाकून बघितलं. अंगणात एक उंच, गोरे, टिळा लावलेले गृहस्थ उभे होते, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांना मी ओळखलं. दरवर्षी इस्टेटीच्या गणपतीत आरती तेच म्हणायचे. फार गोड आवाज. बाबांच्या सेक्शनला फोरमन होते, बाबांच्या वर. त्यांच्यामागे मोहरी रंगाची साडी. राजूच्या आई. त्यांनी वर बघितलं आणि मला बघून पदर सारखा केला.

“नमस्कार दीदीजी,” ते म्हणाले. “हमारी बच्ची आपके पास है. आपने सँभाला, बड़ा उपकार किया.” बड़ी दीदींनी त्यांना बसायला सांगितलं नाही. “आपको किसने बताया?” त्यांनी जराही न थांबता उत्तर दिलं. “उसी ने खबर भिजवाई. रोती है, घर आना है कहती है. गुस्से में उल्टा-सीधा कुछ बोल दी होगी, बच्ची है.” मागे टाक्यापाशी काहीतरी वाजलं. कुंदाच्या हातातली बादली पडली होती. पाणी दगडांवरून माझ्या नजरेसमोर पसरत गेलं आणि ती त्या पाण्यात उभी राहिली. मामा तिच्याकडे बघून म्हणाले, “काय बेटा, चालायचं ना घरी?” मराठीत. आपल्या त्या गोड आवाजात.

बड़ी दीदींनी त्यांना बोर्डाची तारीख सांगून दरवाजा लावला. मग आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं. स्वयंपाकीणबाई, शिवण शिकवणाऱ्या बाई, मी. “बात बाहर किसने की?” स्वयंपाकीणबाई रडायला लागल्या, “मेरी क़सम दीदी, मैं तो बाज़ार में भी मुँह बंद रखती हूँ.” मी माझ्या पायांकडे बघत होते. बड़ी दीदींची नजर माझ्यावरून सरकली, थांबली नाही. माझ्यासारखी न बोलणारी मुलगी कुणाला काय सांगणार.

दुपारी कुंदा माझ्याजवळ आली. मटाराचं पोतं तसंच बांधलेलं होतं. ती बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, “ताई, घरी माझं काही सांगितलं होतं काय तुमी? गोळाभात सोडून?”

मी म्हणाले, “नाही.”

“बरं,” ती म्हणाली. आणि त्या ‘बरं’मध्ये काही संशय नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आजवर मी पुष्कळ खोटं ऐकलं आहे, पोलिसांचं, आईबापांचं, मुलींचं तर रोजचंच, त्याचा मला राग येत नाही. माझ्या त्या एका शब्दाची चव मात्र अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, तिने त्या दिवशी बैठकीत आणखी काय काय सांगितलं होतं. ती पीठ मळत होती. “काय सांगितलं? पोरगी उपाशी आहे म्हटलं.” “राजूची आई तिची मामी आहे,” मी म्हणाले. आईचे हात पिठात थांबले. मग पुन्हा चालू झाले, जोरात. “मले काय माहीत? तूच त सांगितलं मले. अन् मामाच्या घरी पोर जाईन त त्यात वाईट काय आहे? चांगला माणूस आहे तो. आरती किती सुंदर म्हणते.” मी म्हणाले, “चांगला नाहीये.” मी पुढे काही बोलले नाही आणि तिने विचारलं नाही. पण तिला कळलं. बायकांना हे कळायला फार शब्द लागत नाहीत. तिने परातीवर फडकं टाकलं आणि देवघरापाशी जाऊन बसली.

बाबांना संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं, ते सेक्शनमधूनच. फोरमनसाहेबांनी त्यांना कॅन्टीनमध्ये बोलावून चहा पाजला होता. “देखो बेबी,” बाबा म्हणाले, म्हणजे हिंदीत गेले होते, “वो उनके घर का मामला है. तुम टायपिंग करती हो, टायपिंग करो. हमारा नाम कहीं नहीं आना चाहिए.” मग थोडं खाली येऊन, मराठीत, “मला अजून नऊ वर्षं काढायची आहेत त्या माणसाखाली.” मी मान हलवली. घरात मला तेवढंच येत होतं.

बोर्ड बसायचं ते कलेक्टर कचेरीच्या मागच्या खोलीत. लांब टेबल, हिरवं कापड, एक हीटर जो अध्यक्षांच्या पायांकडे तोंड करून ठेवलेला असे. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, शेजारी एक सदस्यबाई स्वेटर विणत. माझं काम अहवाल देऊन मागे बाकावर बसायचं. त्या दिवशी एका बाजूला मामा, मामी, आणि मामांच्या पलीकडे कुंदाची आई. मी तिला पहिल्यांदा बघत होते. बारकी बाई, अगदी कुंदाचाच चेहरा, डोळे सतत भावाच्या बुटांवर. कुंदा बड़ी दीदींजवळ बसली होती. सकाळी आईने न विचारता डबा दिला होता, तो माझ्या पिशवीत होता. कुंदाने हात लावला नव्हता.

अध्यक्षांनी माझा अहवाल वाचला. “बहुत अच्छी अंग्रेज़ी है,” ते म्हणाले. मग मामांना बोलायला सांगितलं. मामांनी हात जोडले, बाप नसलेल्या भाचीला पोरीसारखं वाढवलं वगैरे सांगितलं, आवाज एकदा भरून आणला, आणि मग तेच. “सर, अगर मैं ऐसा आदमी होता तो ये मुझे खबर क्यों भिजवाती? इस घर का पता किसी को नहीं मालूम. कोई बोर्ड नहीं दरवाज़े पर. इसी ने बुलाया, तभी तो हम पहुँचे.” सदस्यबाईंनी सुया थांबवून मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. माझ्याही लक्षात आलं की आता सगळं त्यावर लटकलं आहे. तिने बोलावलं असेल तर ती बाकीचंही रागात बोलली. बोलावलं नसेल तर हा माणूस खोटं बोलतो आहे, आणि मग आणखी कशाबद्दल खोटं बोलतो आहे हे विचारावं लागेल.

“बेटी, तुमने खबर भेजी थी?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही,” कुंदा म्हणाली. मग हिंदीत, “नहीं.”

“तो इनको कैसे पता चला?”

“मले नाही माहीत.”

“किसी और ने बताया होगा?”

कुंदाने डोकं हलवलं. “तिथं कोणी सांगत नाही. मी विचारलं होतं.” तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती माझी बाजू घेत होती. अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं. “कुछ तो बोलो, बेटी. ऐसे तो हम यही मानेंगे कि तुमने बुलाया.” मामांनी आपल्या बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. कुंदाची आई थोडी आक्रसली. ते माझ्या लक्षात आलं. माझ्या लक्षात सगळंच यायचं.

पुढचं आताच सांगून टाकते, कारण मी जे बोलले त्यानंतर मला काही लिहायचं नाही. कुंदा त्या घरी परत गेली नाही. तिला दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात पाठवलं. तिथे ती शिवण शिकली असं ऐकलं. मी पत्रं लिहिली, आधी मोडक्या आणि मग बऱ्या मराठीत, कितीतरी वर्षं. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असं मला वाटत नाही. मामांचं काही बिघडलं नाही. निवृत्त होईपर्यंत आरती तेच म्हणत होते आणि लोक डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. बाबांची बदली एका बाजूच्या शेडमध्ये झाली. माझ्याशी ते वर्षभर फक्त हिंदीत बोलले. आईने पुन्हा हळदीकुंकू केलं नाही. बायकांनी आधी कारणं विचारली, मग विचारायचं सोडलं, मग बोलवायचंही सोडलं. बड़ी दीदींनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला वरच्या खोलीत अहवालाच्या टेबलावर बसवलं आणि सांगितलं की अंगणात बसायचं नाही. दोन वर्षं मी खिडकीतून मुलींना मटार सोलताना बघत होते. नंतर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरांत मी हेच काम तीस वर्षं केलं, लोक म्हणतात चांगलं केलं. मुली माझ्याशी बोलत. मी घरी कुणाला काही सांगत नसे. सांगायला घरी कुणी ठेवलंच नाही.

तर त्या खोलीत अध्यक्षांचं पेन कागदावर टेकलं होतं. मी उठले. बाक मागे सरकून भिंतीवर आपटला आणि सगळ्यांनी वळून बघितलं, राजूच्या आईंनीसुद्धा. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात बोलले नव्हते. बड़ी दीदी हळूच म्हणाल्या, “वंदना, बैठ जाओ.”

“इसने किसी को नहीं बुलाया, सर,” मी म्हणाले. “मैंने अपने घर में बताया था. मेरी माँ ने हल्दीकुंकू में सबके सामने कह दिया, और इनकी पत्नी वहीं बैठी थीं. आप उनसे पूछिए.”

मग मी कुंदाकडे वळले. ती आता माझ्याकडे बघत होती. हिंदी मला त्या क्षणी सुचेना, इंग्रजी तर नाहीच.

“तू विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले,” मी म्हणाले. “सांगितलं होतं मी.”